मानद डॉक्टरेटचे 35 हजार आणि म्हापशातली दूरस्थ पदवी

तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिला बाबांचा. परदेशी नावाच्या एका ‘विद्यापीठा’ने त्यांना लोककलेच्या सेवेबद्दल मानद डॉक्टरेट जाहीर केली आहे. समारंभ कळंगुटच्या हॉटेलात, आणि ‘नोंदणी व समारंभ खर्च’ म्हणून 35,000 रुपये पंधरवड्यात भरायचे. बाबांचे वय 68. हयात डिचोली-साखळीकडच्या जत्रांतली नाटके बसवण्यात गेली. पत्र आल्यापासून ते खुशीत आहेत आणि घरात कुणालाच काही बोलायचा धीर होत नाही. दुसरा प्रश्न धाकट्या भावाचा. त्याने म्हापशातल्या एका केंद्रातून हॉटेल मॅनेजमेंटच्या दूरस्थ पदवीला प्रवेश घेतला. विद्यापीठ उत्तरेकडच्या एका राज्यातले, खासगी. दोन वर्षांचे पैसे भरून झाले, आता तिसऱ्याचे मागताहेत. ही पदवी सरकारी नोकरीला आणि दुबईला चालेल का, असे तुम्ही विचारता.

उत्तर आधीच देऊन टाकतो. बाबांचे 35,000 भरू नका. भावाचेही तिसऱ्या वर्षाचे पैसे, खाली सांगतो ती तपासणी होईपर्यंत थांबवा. तिचा निकाल काय लागणार याचा अंदाज मला तुमच्या पत्रावरूनच आला आहे. पदव्यांची कागदपत्रे पडताळणे आणि एका पदवीची दुसरीशी समकक्षता लावणे हेच काम मी निवृत्तीपर्यंत केले. त्यात माणूस थोडा संशयी होतो. पण तुमच्या घरी आलेल्या दोन्ही प्रकरणांत संशय घेण्याची वेळच येत नाही, नियम इतके स्पष्ट आहेत.

लोक मला विचारतात, ‘हे विद्यापीठ बोगस आहे का हो?’ या प्रश्नाने फारसे काही हाती लागत नाही. चौकशीला गेलात तर कार्यालय असते, टेबलामागे माणूस असतो, पावतीपुस्तक असते, नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले असते. सगळे खरे असते. विचारायचे ते वेगळे: पदवी देण्याचा अधिकार या संस्थेला कोणत्या कायद्याने दिला? आणि तुमचा हा कागद ज्याच्या टेबलावर जाणार आहे, तो हा अधिकार मानतो का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भारतात एका कलमात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा, म्हणजे यूजीसीचा, 1956 चा कायदा. त्याचे कलम 22 सांगते की पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच आहे: संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, कलम 3 खाली ‘अभिमत विद्यापीठ’ म्हणून जाहीर झालेली संस्था, आणि संसदेने खास कायद्याने हा अधिकार दिलेली संस्था. चौथा कुणी नाही. आपले गोवा विद्यापीठ 1984 च्या कायद्याने आले आणि 1985 मध्ये सुरू झाले. त्याआधी इथल्या महाविद्यालयांच्या पदव्या मुंबई विद्यापीठाच्या असत. झुआरीनगरचे बिट्स हे अभिमत विद्यापीठाचे आवार. प्रत्येकाच्या मागे असा एखादा कायदा किंवा राजपत्रातली अधिसूचना दाखवता येते. ट्रस्टची नोंदणी, सोसायटीची नोंदणी, कंपनी कायद्याच्या कलम 8 खालची कंपनी, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक, उद्यम नोंदणी, आयएसओ 9001, यातला एकही कागद पदवी देण्याचा अधिकार देत नाही. आयएसओ 9001 हे व्यवस्थापनाच्या पद्धतीचे प्रमाणपत्र आहे, पदवीशी त्याचा काही संबंध नाही. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर असल्या चिन्हांची गर्दी दिसली की मी कायद्याचा उल्लेख शोधतो. बहुधा तेवढाच नसतो.

कलम 23 त्याहून पुढे जाते. असा अधिकार नसलेल्या संस्थेने नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्दसुद्धा वापरायचा नाही. आणि मोडले तर शिक्षा? कलम 24 प्रमाणे एक हजार रुपयांपर्यंत दंड. 1956 साली हजार रुपयांना वजन होते. आज तेवढ्यात कळंगुटच्या त्या हॉटेलात दोघांचे जेवणही व्हायचे नाही. हा धंदा का फोफावतो याचे निम्मे उत्तर इथे आहे. यूजीसी बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करते. तिच्यात वर्षानुवर्षे नागपूरचे राजा अरेबिक विद्यापीठ आहे, आणि आपल्या हद्दीपासून फार लांब नसलेल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकची ‘बडगांवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी एज्युकेशन सोसायटी’ही आहे. दिल्लीच्या पत्त्यावरचे एक ‘युनायटेड नेशन्स युनिव्हर्सिटी’देखील त्या यादीत आहे. संयुक्त राष्ट्रांचे त्याच नावाचे खरे विद्यापीठ टोकियोत आहे, त्याच्याशी याचे काही नाते नाही. ही यादी आधी बघावी, पण तिच्यात नाव नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. आयोगाच्या लक्षात आलेलीच नावे त्यात असतात. काल सुरू झालेली संस्था त्यात नसणारच.

आता एक गोंधळ दूर करतो, कारण तुमच्या पत्रातही तो आहे. तुम्ही लिहिता, ‘केंद्रवाले म्हणतात की विद्यापीठाला नॅक आहे.’ नॅक म्हणजे दर्जाचे मूल्यांकन करणारी, 1994 मध्ये स्थापन झालेली परिषद. कायद्याने मिळालेली मान्यता वेगळी, नॅकची श्रेणी वेगळी, आणि दूरस्थ अभ्यासक्रम चालवण्याची परवानगी तिसरीच. एखाद्या विद्यापीठाकडे पहिल्या दोन असून तिसरी नसू शकते. केंद्रवाला खोटे बोलत नसतो. तो तुम्ही न विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देत असतो.

यावरून मान्यता नसलेले ते सगळे लबाड असा अर्थ कुणी काढू नये. महर्षी कर्व्यांनी 1916 मध्ये महिला विद्यापीठ काढले ते सरकारच्या मान्यतेशिवाय. वैधानिक दर्जा यायला 1951 साल उजाडले. मधल्या पस्तीस वर्षांत तिथे शिकलेल्या बायकांच्या पदवीला सरकारदरबारी फारशी किंमत नव्हती, आणि हे त्यांच्यापासून कुणी लपवले नव्हते. विद्यापीठाने ‘बी.ए.’ हे नावही लावले नाही, आपल्या पदवीला ‘गृहीतागमा’ असे स्वतःचे नाव ठेवले. दुसरे उदाहरण तुमच्या घराजवळचे. गोव्यात दर दुसऱ्या वाड्यावर कुणीतरी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देते. मंडळ हे विद्यापीठ नाही, तसा त्याचा दावाही नाही. पण ‘विशारद’ झालेल्या मुलीला काय येते हे पेटीवाल्यापासून देवळाच्या समितीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते, कारण परीक्षकासमोर बसून गावे लागते. संस्थेने आपण कोण आहोत हे उघड सांगितले, शिकवले, परीक्षा घेतली, तर कायद्याची मान्यता नसतानाही तिला प्रतिष्ठा मिळू शकते. ज्यांना मी लबाड म्हणतो ते मान्यता असलेल्याचा पोशाख घालून येतात.

कागदाची किंमत तो कुठे दाखवला जातो यावरही ठरते, आणि हे गोव्याला नवे नाही. पणजीत 1842 मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतले डॉक्टर पोर्तुगिजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत सेवेला जात. त्यांच्यापैकी कुणाला खुद्द पोर्तुगालमध्ये व्यवसाय करायचा असेल तर तिथे पुन्हा शिकून परीक्षा द्यावी लागे. शाळा सरकारी होती, डॉक्टर खरे होते, आणि तरीही.

आता भावाचे.

दूरस्थ शिक्षणाबद्दल आपल्याकडे अजून एक अढी आहे, ती आधी काढून टाकू. दिल्ली विद्यापीठाने 1962 मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, 1985 ची, नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चे. रीतसर मान्यता असलेली दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने 2020 च्या नियमांत लिहिले आणि 2 सप्टेंबर 2022 च्या सूचनेत पुन्हा बजावले. ‘दूरस्थ आहे म्हणून चालणार नाही’ असे कुणी सांगितले तर ती सूचना त्याच्या पुढ्यात ठेवा. अडचण असते ती ‘रीतसर’ या भागात.

पूर्वी ही मान्यता इग्नूच्या छत्राखालची दूरस्थ शिक्षण परिषद देई. ती 2013 मध्ये बरखास्त झाली आणि काम यूजीसीकडे आले. आता यूजीसीचा दूरस्थ शिक्षण विभाग, म्हणजे डीईबी, हे बघतो. त्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक सत्रासाठी मान्यताप्राप्त संस्थांची आणि त्यांच्या अभ्यासक्रमांची यादी असते. ती वाचायची एक पद्धत आहे. नुसते विद्यापीठाचे नाव सापडले की लोक आनंदाने संगणक बंद करतात. तसे करू नका. भावाने ज्या सत्रात प्रवेश घेतला, त्या सत्राच्या यादीत ते विद्यापीठ हवे. त्याच्या नावापुढे भावाचाच अभ्यासक्रम हवा. आणि तो दूरस्थ की ऑनलाइन, ज्या पद्धतीने तो शिकतो आहे, तीच पद्धत तिथे हवी. यातले एक जरी जुळले नाही तरी पदवीला त्या परवानगीचा आधार उरत नाही. 2024-25 पासून विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी क्रमांक काढावा लागतो आणि तो काढल्याशिवाय दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेश होत नाही. भावाने त्यानंतर प्रवेश घेतला असेल तर त्याला एकच विचारा: तुझा डीईबी क्रमांक कुठला? तो गोंधळून बघत राहिला तर पुढची चौकशी निम्मी झाली.

पण तुमच्या प्रकरणात यादी उघडण्याआधीच दोन जागी माझे बोट थांबते. पहिली जागा म्हणजे विषय. अभियांत्रिकी, वैद्यक, नर्सिंग, फार्मसी, वास्तुशास्त्र, कायदा, शेती यांबरोबर हॉटेल मॅनेजमेंटही 2020 च्या नियमांनी दूरस्थ पद्धतीला बंद केलेल्या विषयांत आहे. गोव्यात, जिथे घरटी एक जण हॉटेलात किंवा बोटीवर आहे, तिथे ही पदवी विकायला बसलेल्या माणसाला आपले गिऱ्हाईक बरोबर कळलेले असते. दुसरी जागा म्हणजे हद्द. राज्याच्या कायद्याने झालेले विद्यापीठ, सरकारी असो की खासगी, दूरस्थ अभ्यासक्रम आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवू शकते. इग्नू देशभर चालते, तिचे पणजी प्रादेशिक केंद्र आपल्यासाठीच आहे. ऑनलाइन अभ्यासक्रमाला हद्द नाही, पण मग म्हापशात केंद्र कशाला हवे? अभ्यासकेंद्र खासगी क्लासवाल्याला ठेका देऊन चालवणे, ज्याला फ्रँचायझी म्हणतात, ते नियमांनी सरळ मना आहे. उत्तरेकडच्या राज्याचे खासगी विद्यापीठ आणि म्हापशातल्या दुकानाच्या माडीवर त्याचे ‘अधिकृत केंद्र’, ही जोडी माझ्यापुढे आली तेव्हा पावतीवर विद्यापीठाचे नाव क्वचितच असायचे. भावाच्या पावत्या काढून बघा, पैसे कुणाच्या नावावर गेले आहेत.

हे सगळे कागदी नियम आहेत, न्यायालयात गेले की कुणी मनावर घेत नाही, असे केंद्रवाले सांगतात. 2005 मध्ये प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या खासगी विद्यापीठांच्या कायद्यातली मुख्य कलमेच रद्द केली, आणि त्या कायद्याच्या आधाराने निघालेली शंभरावर विद्यापीठे कागदावरून नाहीशी झाली. त्यातल्या कित्येकांकडे इमारतही नव्हती. 2017 च्या नोव्हेंबरात ओरिसा लिफ्ट इरिगेशन खटल्यात न्यायालयाने चार अभिमत विद्यापीठांच्या दूरस्थ अभियांत्रिकी पदव्यांचा निकाल लावला. 2001 ते 2005 या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित करून त्यांना एआयसीटीई या तंत्रशिक्षण परिषदेची परीक्षा द्यायला लावली, नंतरच्यांच्या पदव्या रद्दच झाल्या. त्यांत दहा-दहा वर्षे नोकरी केलेली, बढती घेतलेली माणसे होती. विद्यापीठे मान्यताप्राप्त होती हे लक्षात घ्या. चूक त्या विषयाच्या, त्या पद्धतीच्या परवानगीत होती.

दुबईचे म्हणाल, तर आखातात जाणाऱ्या पदवीवर आधी राज्याचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा आणि देशाप्रमाणे वकिलातीचा शिक्का किंवा अपोस्टिल लागते. आपल्याकडे अपोस्टिल 2005 पासून आहे. हे शिक्के कागदावरची सही आणि मोहोर खरी आहे एवढेच सांगतात. ज्याने सही केली त्याला पदवी देण्याचा अधिकार होता का, हे त्यात येत नाही. एजंट मात्र ‘अपोस्टिल झाले म्हणजे सरकारने मानले’ असे सांगून मोकळा होतो. पदवीची पडताळणी नोकरी देणारा स्वतंत्रपणे विद्यापीठाकडे करतो आणि ती पुष्कळदा रुजू झाल्यावर होते. तिथे, नोकरीत असताना, कागद खोटा ठरणे हे इथे प्रवेश वाया जाण्यापेक्षा फार वाईट. व्हिसा जातो, आणि ज्याच्या नावाने कागद दिला त्याच्यावर बालंट येते. इथेही, खोटा दस्तऐवज खरा म्हणून वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 340 खाली गुन्हा आहे. भावाचे प्रमाणपत्र बनावट आहे असे मी म्हणत नाही. हिमाचलमधल्या मानव भारती विद्यापीठाचे प्रकरण तुम्ही वाचले असेल. विद्यापीठ राज्याच्या कायद्याने झालेले होते, आणि तरी त्याच्या नावाने हजारो खोट्या पदव्या विकल्या गेल्याचा तपास झाला. तिथे खरोखर शिकलेल्या मुलांनाही मग कागद घेऊन दारोदार फिरावे लागले. म्हणून पदवी मिळाली की ती डिजिलॉकरमध्ये, राष्ट्रीय शैक्षणिक भांडारात चढली आहे का, हे बघण्याची सवय लावा.

पीएच.डी.बद्दल तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या वहिनींच्या शाळेत दोघांनी ‘ऑनलाइन पीएच.डी.’ला पैसे भरल्याचे ओघात लिहिले आहे, म्हणून दोन ओळी. दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी. आपल्या नियमांत बसत नाही. 2022 च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन वर्षे लागतात, आणि परदेशी संस्थांच्या नावाने विकल्या जाणाऱ्या ऑनलाइन पीएच.डी.पासून सावध राहा असे यूजीसी आणि एआयसीटीईने त्याच वर्षी ऑक्टोबरात जाहीर केले. त्या दोघांना एवढेच सांगा, बाकी ते शिक्षक आहेत.

आता बाबा.

मानद पदवी ही कल्पना जुनी आणि चांगली आहे. ऑक्सफर्डने पंधराव्या शतकात, 1478 च्या सुमारास, पहिली दिली असे मानतात. त्याच ऑक्सफर्डने 1940 मध्ये रवींद्रनाथांना डी.लिट. दिली ती आपले प्रतिनिधी शांतिनिकेतनात पाठवून, कारण कवी आजारी आणि वयस्क होते. विद्यापीठ माणसाकडे गेले. आपल्या माणसाचे उदाहरण घ्यायचे तर बाबासाहेबांचे घ्या. कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी. त्यांनी प्रबंध लिहून मिळवलेल्या. कोलंबियाची 1952 ची एलएल.डी. आणि उस्मानियाची 1953 ची डी.लिट. या मानद. एकाच माणसाकडे दोन्ही असल्याने फरक स्वच्छ दिसतो. पहिल्या दोन त्यांनी काय अभ्यास केला ते सांगतात, दुसऱ्या दोन जगाने त्यांच्या कामाची काय नोंद घेतली ते.

खऱ्या मानद पदवीची रीत अशी असते. विद्यापीठाच्या कायद्यातच तिचे कलम असते. नाव आतून सुचते, विद्यापीठाच्या मंडळांपुढे जाते, कुलपतींची संमती लागते, मग दीक्षान्त समारंभात ती दिली जाते. ज्याला द्यायची त्याने अर्ज करायचा नसतो. आधार कार्ड, दोन फोटो आणि ‘थोडक्यात परिचय’ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नसतो. आणि पैसे तर नाहीतच, समारंभाचे नाहीत, झग्याचे नाहीत, मानपत्राच्या चौकटीचे नाहीत. ज्या घरी बोलावून जेवायला वाढल्यावर ताटाचे पैसे मागतात, त्याला आपण खाणावळ म्हणतो.

बाबांच्या पत्रावरचे विद्यापीठ भारतातले नाही, म्हणून भारताचा कायदा लागू नाही, असे आयोजक म्हणतील. मग त्याच्या देशाचा कायदा बघू. अमेरिकेत केंद्र सरकार विद्यापीठाला थेट मान्यता देत नाही. मूल्यांकन करणाऱ्या संस्था असतात, आणि त्यांतल्या कोणत्या विश्वासार्ह ते तिथले शिक्षण खाते आणि चीआ नावाची परिषद सांगते. नकली विद्यापीठे आपल्या सोयीची नकली मूल्यांकन संस्थाही उभी करतात, त्यामुळे ‘अ‍ॅक्रेडिटेड’ हा शब्द वाचून थांबायचे नाही, कुणी केले ते या दोन याद्यांत शोधायचे. संकेतस्थळाच्या पत्त्यावरून मत बनवू नका. पत्त्याच्या शेवटी नुसते ‘डॉट एसी’ दिसले की लोकांना ते शैक्षणिक वाटते. प्रत्यक्षात ‘डॉट एसी’ हा अटलांटिक महासागरातल्या असेंशन बेटाचा कोड आहे आणि पैसे भरून कुणालाही मिळतो. आपले ‘डॉट एसी डॉट इन’ शैक्षणिक संस्थांसाठी राखून ठेवलेले आहे, दोन्हींत गल्लत नको. 2015 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने उघड केले की कराचीतली एक्झॅक्ट नावाची कंपनी शेकडो नकली शाळा-विद्यापीठांची संकेतस्थळे चालवते; त्यांवरचे हसरे प्राध्यापक पैसे देऊन आणलेले नट होते.

चांगली जागा आणि मोठे पाहुणे पाहूनही भुलू नये. 2023 च्या फेब्रुवारीत चेन्नईत एका खासगी संघटनेने नामांकित कलावंतांना ‘मानद डॉक्टरेट’ वाटल्या, तेही अण्णा विद्यापीठाच्या सभागृहात. सभागृह भाड्याने घेतलेले, विद्यापीठाचा पदव्यांशी काही संबंध नाही. विद्यापीठाला पोलिसांत तक्रार करावी लागली, आणि पदवी घेतलेल्यांचे फोटो आठवडाभर टीव्हीवर फिरत राहिले. त्यांच्यातल्या बहुतेकांनी काही गैर केले नव्हते. त्यांनी फक्त चौकशी केली नव्हती. कळंगुटचे हॉटेल तर विद्यापीठसुद्धा नाही.

बाबांनी ती पदवी घेतली आणि नावापुढे ‘डॉ.’ लावले तर तुरुंगात जातील का? नाही. जत्रेच्या जाहिरातीत ‘दिग्दर्शक डॉ. अमुक’ असे छापल्याने कुणावर खटला होत नाही. खरी मानद पदवी मिळालेले पुष्कळ जण ते बिरुद लावत नाहीत, तशी परंपरा आहे. पण उद्या एखाद्या सरकारी योजनेच्या अर्जात, मानधनाच्या प्रस्तावात, कुठल्या समितीवरच्या नेमणुकीत ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्यात ती लिहिली गेली, की तिथे फसवणुकीचा प्रश्न सुरू होतो. बाबा स्वतः लिहिणार नाहीत. त्यांचा परिचय तयार करणारा उत्साही पुतण्या लिहील.

हे त्यांना सांगायचे कसे, हा तुमचा खरा प्रश्न आहे असे मला पत्र वाचताना वाटले. ‘बाबा, तुम्ही फसला’ असे सांगू नका, कारण ते अजून फसलेले नाहीत. तुम्ही त्यांच्याच हातून आयोजकांना एक पत्र लिहून घ्या. मजकूर साधा ठेवा: आपण दिलेल्या सन्मानाबद्दल आभारी आहे, आपले विद्यापीठ ज्या कायद्याखाली स्थापन झाले त्याची प्रत, आणि मानद पदवी मंजूर करणाऱ्या मंडळाच्या ठरावाची प्रत पाठवावी, माझ्या तत्त्वात बसत नसल्याने मी कोणतेही शुल्क भरणार नाही. एवढे गेले की दोनपैकी एक होईल. फोन येणे बंद होईल, किंवा ‘तुमच्यासाठी खास 15,000 मध्ये’ असा निरोप येईल. दुसरे झाले तर तो निरोप बाबांना स्वतः वाचू द्या. नाटकवाला माणूस आहे, भाव पाडणाऱ्या पात्राला ते तुमच्याआधी ओळखतील.

आणि त्यांना कोसंब्यांची आठवण करून द्या. साखवाळचे धर्मानंद कोसंबी शाळा-कॉलेजच्या पदव्यांशिवाय पालीचे एवढे मोठे पंडित झाले की फर्ग्युसनने शिकवायला घेतले आणि हार्वर्डने ग्रंथसंपादनासाठी बोलावले. त्यांचे चिरंजीव दामोदर हार्वर्डचे नुसते बी.ए.; पीएच.डी. त्यांनी केलीच नाही, आणि त्यांच्या नावावर आज इतिहासाचे विद्यार्थी पीएच.डी. करतात. बाबांच्या कामाची सरकारदरबारी नोंद व्हावी असे घरच्यांना वाटत असेल तर कला व संस्कृती संचालनालयाचे राज्य सांस्कृतिक पुरस्कार आहेत. तिथे प्रस्ताव पाठवायला पैसे पडत नाहीत. त्यासाठी बसवलेल्या नाटकांची यादी, जत्रांची हँडबिले, जुने फोटो गोळा करावे लागतील. पस्तीस हजारांपेक्षा तो खटाटोप बराच स्वस्त पडेल आणि त्यात बाबांची दुपारही मजेत जाईल.

भावाच्या पैशांचे राहिले. डीईबीच्या यादीत त्याचा अभ्यासक्रम सापडला नाही, आणि तो सापडणार नाही असे मला वाटते, तर केंद्राला आणि विद्यापीठाला लेखी पत्र द्या, पैसे परत मागा. प्रत यूजीसीला आणि आपल्या उच्च शिक्षण संचालनालयाला पाठवा. विद्यापीठाकडून ‘हे केंद्र आमचे नव्हेच’ असे उत्तर आले तर ते जपून ठेवा. पोलीस तक्रारीला, न्याय संहितेतल्या फसवणुकीच्या कलम 318 ला, त्याचा उपयोग होतो. शिक्षण ही ‘सेवा’ आहे की नाही यावर ग्राहक न्यायालयांत मतभेद आहेत, पण नसलेली मान्यता असल्याचे सांगून प्रवेश देणाऱ्या संस्थेला भरपाई द्यावी लागते हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या खटल्यात मानले आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

शिकायचे असेल तर त्याने इग्नूची बी.कॉम. धरावी, नोकरी सांभाळून होते. हॉटेलातच पुढे जायचे असेल तर पर्वरीच्या इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंटमध्ये जाऊन चौकशी करावी. दोन वर्षांत म्हापशात जे काही शिकला त्याचे श्रेय दोन्हीकडे धरले जाणार नाही, हे त्याला आत्ताच स्पष्ट सांगा. दरम्यान केंद्राचे माहितीपत्रक, व्हॉट्सअ‍ॅपवरचे निरोप आणि सगळ्या पावत्या एका फाइलीत लावा. ग्राहक तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते आणि ती कधीपासून मोजायची यावरच समोरचा वकील आधी भांडेल, तेव्हा पहिल्या पावतीवरची तारीख आजच बघून मला कळवा.